मोजकीं मिनिटें

आमच्या शेलूबाजाराजवळून समृद्धि महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग वाहतुकीस खुला झाला, तेव्हांपासून मंगरूळपीर तालुक्यांतील ह्या बाजारगांवाचें नांव रस्त्यावरील भल्यामोठ्या पाटीवर झळकूं लागलें आहे. मोटारी इतक्या वेगानें जातात कीं पाटी वाचावयास प्रवाशाला दोन-चार क्षणच मिळतात. तेवढ्यांत त्याला गांवाचें नांव, अंतर आणि बाणाची दिशा एवढेंच हवें असतें. पाटी रंगविणारानें तेथें गांवाचा पूर्वेतिहास, ग्रामदैवताचें माहात्म्य व आठवडी बाजाराचें वर्णन लिहिलें असतें, तर तें सारें खरें असूनहि प्रवासी फांटा चुकून थेट पुढें निघून गेला असता. थोडक्या वेळांत शास्त्रीय संशोधन सांगणाराचें काम ह्या पाटी रंगविणाराच्या कामासारखें आहे. ही साधी गोष्ट आम्हांला साठी उलटल्यावर कळली, आणि तीहि आमच्या हातून घरांतील एका मुलीचें नुकसान झाल्यावर कळली. ती हकीकत व तिच्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख आहे.

शास्त्रीय भाषण म्हणजे प्राध्यापकांचें काम, आपल्याला त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणूं नये. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरत आली आहे. तींत दहा ते सतरा वर्षांचीं मुलें आपल्या परिसरांतील एखाद्या प्रश्नावर स्वतः केलेलें काम परीक्षकांपुढें मांडतात. महाराष्ट्रांतील विद्यापीठांत ‘आविष्कार’ नांवाची संशोधनस्पर्धा होते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठानें तर २००८ सालीं पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यांसाठीं तीन मिनिटांच्या भाषणाची स्पर्धा काढली, आणि तिचें अनुकरण पुढें कित्येक देशांत झालें. वर्षानुवर्षांचें काम, सोबतीला एकच स्थिर चित्र, आणि वेळ तीन मिनिटें! तेव्हां ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्या घरावर हा प्रसंग केव्हांना केव्हां येणारच. तो आमच्या घरावर कसा आला तें आतां सांगतों.

आमच्या पुतण्याची मुलगी त्या वेळीं आठवींत होती. तिनें व तिच्या दोन मैत्रिणींनीं दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारीं गांवांतील तीन विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली. साधन काय, तर सारख्या अंतरावर गांठी मारलेला एक दोर आणि त्याच्या टोंकाला बांधलेला दगड. एक विहीर नाल्यावरील बांधाच्या खालच्या अंगाला आहे. बाकीच्या दोन बांधापासून दूर आहेत. बांधाजवळच्या विहिरीचें पाणी इतर दोहोंपेक्षां सावकाश उतरत गेलें, असें त्यांच्या वहीवरून दिसून आलें. शोध लहान खरा, परंतु तो त्या मुलींचा स्वतःचा होता. थंडींत सकाळीं उठून, शेतकऱ्यांच्या हजार प्रश्नांना उत्तरें देऊन, दोर हातांनीं ओढून त्यांनीं तो मिळविला होता.

पुढल्या हिंवाळ्यांत एका विज्ञानसंमेलनांत हें काम सांगण्याची संधि आली. भाषण लिहून देण्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें. उभा जन्म शाळेंत संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविलेल्या जुन्या मॅट्रिकवाल्या मास्तराच्या हातीं लेखणी सांपडल्यावर काय होणार? आम्हीं आरंभीं जलदेवतेला वंदन केलें. वेदकाळापासून आजपर्यंत पाण्याचें महत्त्व वर्णिलें. पंचमहाभूतें आणलीं. पृथ्वीवरील एकंदर पाण्यापैकीं गोडें पाणी किती थोडें आहे ह्याचे आंकडे दिले. अध्यक्ष, परीक्षक, गुरुजन व बालमित्र ह्यांचे आभार दोनदां मानले. वही, दोर आणि विहिरी ह्यांना शेवटल्या पानावर जागा मिळाली. मुलीनें सारें तोंडपाठ केलें, घरांत वाहवा झाली, आणि घड्याळाकडे कोणींहि पाहिलें नाहीं.

संमेलनांत प्रत्येकास आठ मिनिटें होतीं. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा झाली तेव्हां आमची नात पंचमहाभूतांत होती. आठव्या मिनिटाला दुसरी घंटा झाली तेव्हां ती पृथ्वीवरील गोड्या पाण्यापर्यंत पोंचली होती. परीक्षक मोठे सौम्य होते. “बाळ, तूं स्वतः काय केलेंस तें एका वाक्यांत सांग पाहूं,” असें ते म्हणाले. ती गप्प उभी राहिली. इतके महिने विहिरीच्या कांठावर दोर धरून उभी राहणारी मुलगी, आपण काय केलें हें सांगूं शकली नाहीं; कारण तिच्या तोंडांत तिचें असें एकहि वाक्य नव्हतें. सारीं वाक्यें आमचीं होतीं. परत येतांना ती एवढेंच म्हणाली, “आजोबा, माझ्या विहिरी सांगायच्या राहूनच गेल्या.” घरीं आल्यावर तिनें ती वही माळ्यावर टाकून दिली. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं हें सांगावयास नकोच.

आपली चूक कोठें झाली हें शोधीत असतां आम्हांस डॉ. जयंत विष्णु नारळीकर ह्यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग आठवला. नारळीकरांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापुरास झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक, आणि मातुःश्री सुमतिबाई संस्कृतज्ञ. बनारसहून जयंतराव केंब्रिजला गेले व १९६० सालीं फ्रेड हॉइल ह्यांच्या हाताखालीं संशोधनास लागले. हॉइल हे स्थिर-स्थिति सिद्धांताच्या जनकांपैकीं एक होते. विश्व प्रसरण पावत असलें तरी नवें द्रव्य सतत निर्माण होत असतें, त्यामुळें विश्वाचें एकंदर रूप सदैव सारखेंच राहतें व त्याला आरंभ असा नाहीं, हें ह्या सिद्धांताचें सार. १९६१ च्या प्रारंभीं केंब्रिजचेच मार्टिन राइल ह्यांनीं आकाशांतील रेडिओ-उगमांची आपली मोजणी जाहीर केली. मंद उगमांची संख्या ह्या सिद्धांताप्रमाणें असावी त्याहून जास्त आहे, म्हणून तो टिकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. वृत्तपत्रांत त्याचा मोठा गाजावाजा झाला. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत ह्या म्हणण्यास उत्तर द्यावयाचें होतें. परंतु हॉइल ह्यांना त्या दिवशीं दुसरीकडे व्याख्यानास जाणें भाग होतें. तेव्हां उत्तर देण्याचें काम बावीस वर्षांच्या नारळीकरांवर येऊन पडलें. संशोधनाला लागून वर्षहि पुरें झालें नव्हतें, समोर राइल ह्यांच्यासारखा मातबर प्रतिपक्षी होता, आणि बोलावयास मिळालीं होतीं तीं मोजकीं मिनिटें.

अशा मिनिटांत विश्वविद्येचा इतिहास सांगण्यास जागा नसते, व गुरूंची थोरवी गाण्यासहि नसते. मांडावयाचा मुद्दा एकच होता. रेडिओ-उगम आकाशांत सर्वत्र सारखे विखुरलेले नसून त्यांची वांटणी मोठ्या प्रमाणावर कमीअधिक असली, तर विश्वाची स्थिति स्थिर असूनहि मोजणी राइल ह्यांच्यासारखी येऊं शकते. हें गणित नारळीकरांनीं हॉइल ह्यांच्यासमवेत स्वतः केलेलें होतें. त्या तरुणाजवळ वयाचा अधिकार नव्हता, पदवीचा दरारा नव्हता. स्वतः केलेल्या कामाची खात्री तेवढी होती, आणि तिच्या बळावर त्यांनीं तो प्रसंग निभावून नेला.

ह्या कथेचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे, नाहीं तर ती एकांगी होईल. १९६५ सालीं अर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन ह्यांना आकाशांत सर्व दिशांनीं येणारें सूक्ष्मतरंगांचें प्रारण सांपडल्याची वार्ता प्रसिद्ध झाली, आणि बहुतेक शास्त्रज्ञांचें मत विश्वाला महास्फोटानें आरंभ झाला ह्या बाजूला वळलें. नारळीकर आपल्या वेगळ्या विचाराशीं अखेरपर्यंत प्रामाणिक राहिले. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. म्हणजे १९६१ सालीं त्यांनीं ज्या सिद्धांताची बाजू मांडली तो पुढें मागें पडला. आतां ह्याच सोसायटीपुढें ११ जानेवारी १९३५ रोजीं उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका तरुणाची गोष्ट पाहा. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ह्यांचें वय त्या वेळीं चोवीस. विझत चाललेल्या श्वेतबटु ताऱ्याचें वस्तुमान एका ठराविक मर्यादेपलीकडे असूं शकत नाहीं, हें त्यांनीं गणितानें दाखविलें. त्यांच्या मागोमाग सर आर्थर एडिंग्टन उठले आणि त्यांनीं तें हंसण्यावारी नेलें. सभा एडिंग्टननीं जिंकली. परंतु गणित चंद्रशेखरांचें खरें ठरलें, व १९८३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या दोन कथा एकमेकींशेजारीं ठेवल्यावर आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. एकाचें म्हणणें सभेंत नीट मांडलें गेलें, पण सिद्धांत पुढें मागें पडला. दुसऱ्याची थट्टा झाली, पण सिद्धांत टिकला. तेव्हां सभा जिंकणें हें अशा भाषणाचें प्रयोजनच नव्हे. आपण काय पाहिलें, काय मोजलें आणि त्यावरून काय म्हणतों, हें इतकें स्वच्छ करून ठेवावयाचें कीं ऐकणाराला तें तपासतां यावें, आणि चुकीचें असल्यास खोडतांहि यावें. हेंच त्याचें प्रयोजन. आम्हीं लिहिलेलें भाषण कोणालाहि खोडतां आलें नसतें, कारण त्यांत खोडण्यासारखें कांहीं नव्हतेंच. पाणी म्हणजे जीवन, हें कोण नाकारणार? परंतु जें कोणी नाकारूं शकत नाहीं तें सांगण्यासाठीं संशोधन करावें लागत नाहीं.

मग मांडणी कशी करावी? गंमत अशी कीं ज्या विद्येवर आम्हीं आयुष्य काढलें तिच्यांतच ह्याचें उत्तर होतें, आणि आम्हीं मात्र त्याच विद्येंतून वंदनें व विशेषणें तेवढीं उचललीं होतीं. आपल्या न्यायशास्त्रांत दुसऱ्यास पटवून देण्याच्या वाक्याचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें आपलें स्वयंपाकघर, हें उदाहरण. हा पर्वत तसाच धूर असलेला आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नि आहे, हें निगमन. नैयायिकाचें पहिलें वाक्यच ‘पर्वतावर अग्नि आहे’ असें असतें हें लक्षांत घ्यावें. धुराचा इतिहास सांगून तो शेवटीं अग्नीपाशीं येत नाहीं.

लहान भाषणाला हा सांचा जणूं मापून शिवल्यासारखा बसतो. पहिल्याच अर्ध्या मिनिटांत प्रतिज्ञा सांगावी: “आम्हीं तीन विहिरी मोजल्या, बांधाजवळच्या विहिरीचें पाणी सर्वांत सावकाश उतरलें.” पुढें घंटा झाली तरी मुख्य गोष्ट सांगून झालेली असते. त्यानंतर हेतु, म्हणजे हें तुम्हांस कशावरून कळलें: कोणत्या दिवशीं मोजलें, कशानें मोजलें, चूक होऊं नये म्हणून काय काळजी घेतली. येथें आपल्या हातांनीं केलेलें तेवढेंच सांगावें. मग उदाहरण, म्हणजे प्रत्यक्ष आंकडे. परंतु वहींतील सगळे नव्हेत, तर ज्यांच्यावरून मुद्दा डोळ्यांना दिसेल असे दोन-तीन. उपनयांत त्याचा आपल्या प्रश्नाशीं संबंध जोडावा, आणि कोठपर्यंत जोडतां येतो व कोठून पुढें येत नाहीं हेंहि सांगावें. तीन विहिरींवरून साऱ्या वऱ्हाडाविषयीं बोलूं नये. शेवटीं निगमन: आरंभींची प्रतिज्ञाच पुन्हां, आतां पुराव्यासह. ऐकणारा घरीं जातांना एकच वाक्य नेणार असतो. तें कोणतें असावें हें आपण ठरवावें, त्याच्यावर सोडूं नये.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्हीं घड्याळ लावून पाहिलें, तों समजेल असें सावकाश मराठी बोलणाराच्या तोंडून मिनिटाला शंभर ते एकशेंवीस शब्द बाहेर पडतात. म्हणजे आठ मिनिटांचें भाषण फार तर आठशें-नऊशें शब्दांचें. आम्हीं लिहून दिलें होतें तें ह्याच्या दुपटीहून अधिक निघालें! ज्यांचीं भाषणें लांबतात तीं माणसें लांब झाल्याचें पाहून वेग वाढवितात. तो उपाय रोगाहून वाईट आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे हे व्याख्यानकलेंत निष्णात समजले जात. त्यांनींहि आपल्या बोलण्याला घाई लागूं नये म्हणून ‘सावकाश’ असें लिहिलेलें कार्ड मदतनिसाकडून समोर ठेवविण्याची सोय केली होती. फॅरडेंना कार्ड लागलें, तर आपल्या मुलांना लागल्यास त्यांत लाज ती कसली? बोलणें लांबलें तर वेग वाढवूं नये, मजकूर काढावा.

काढतांना जीव तुटतो हें खरें. परंतु संस्कृत व्याकरणाची परंपरा तर अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा उत्सव मानणारी! आणि थोडकेपणानें काम हलकें होत नाहीं. कमलाबाई सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, ह्यांनीं १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी ह्या द्रव्यासंबंधींचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. काम ज्याच्याजवळ असतें त्याला पानें भरण्याची चिंता नसते.

तिसरी गोष्ट चित्रांची. आजकाल भिंतीवर चित्रें पाडून बोलण्याची सोय सर्वत्र झाली आहे, आणि पुष्कळ जण त्या चित्रांवर संपूर्ण भाषणच लिहून तें वाचून दाखवितात. त्यामुळें ऐकणाराचे कान एकीकडे व डोळे दुसरीकडे जातात. एका चित्रांत एकच गोष्ट असावी, अक्षर मागल्या रांगेंतून वाचतां यावें, आणि आलेखांतील उभी रेघ काय व आडवी रेघ काय हें बोलणारानें तोंडानें सांगावें. आमच्या नातीच्या आलेखांत तीन विहिरींच्या तीन रेघा होत्या. तेवढें एक चित्र साऱ्या पंचमहाभूतांपेक्षां अधिक बोललें असतें.

चौथी गोष्ट भाषेची. आपला वाशीम जिल्हा म्हणजे जुना वत्सगुल्माचा प्रदेश. राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरींत झाल्याची रम्य कथा सांगितली आहे. वैदर्भी रीति म्हणजे लांब समास टाळणारी, प्रसाद व माधुर्य ह्या गुणांची रीति. शब्द कानीं पडतांच अर्थ मनांत उतरला पाहिजे, ही तिची कसोटी. आम्ही जन्माचे वैदर्भीय. परंतु मुलीला भाषण लिहून दिलें तें गौडी थाटाचें! शास्त्रीय परिभाषा जेथें अटळ असेल तेथें वापरावी, पण प्रथम येईल तेव्हां एका वाक्यांत तिचा अर्थ सांगावा. ‘भूजलपातळीचें अवनमन’ म्हणण्यापेक्षां ‘विहिरीचें पाणी खालीं गेलें’ म्हटल्यानें शास्त्राचें कांहीं बिघडत नाहीं.

आणि आतां एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांसाठीं पांचवी गोष्ट. तालमीसाठीं सभा शोधावयास बाहेर जावें लागत नाहीं. ज्या घरांत आजी, काका, काकू, आत्या व धाकटीं भावंडें आहेत त्या घरांत सभा नित्य भरलेलीच असते. दुसऱ्या वर्षीं आम्हीं नातीला भाषण लिहून दिलें नाहीं. माळ्यावरची वही खालीं काढून तिच्यापुढें ठेवली, घड्याळ हातांत घेतलें, आणि स्वयंपाकघराच्या दारांत तिला उभें केलें. आमच्या वहिनी, म्हणजे तिची आजी, तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मुलीनें सवयीनें ‘पाणी म्हणजे जीवन’ असा आरंभ केला. वहिनी सूप खालीं न ठेवतां म्हणाल्या, “अगं, तें सारें ठाऊक आहे. आपल्या विहिरीचें काय झालें तें आधीं सांग.” न्यायशास्त्र न वाचलेल्या त्या वृद्ध स्त्रीनें प्रतिज्ञा पहिली आली पाहिजे हा नियम एका वाक्यांत सांगून टाकला. तेथपासून दर तालमीनंतर आम्ही सर्वांना एकच प्रश्न विचारीत असूं: काय ऐकलेंत? ‘छान बोलली’ हें उत्तर आम्ही धरीत नव्हतों. ज्याला तिचें म्हणणें आपल्या शब्दांत सांगतां आलें नाहीं, त्याच्यापाशीं भाषण पोंचलें नाहीं असें समजून तो भाग ती पुन्हां बांधीत असे. कौतुक घरांत भरपूर असतें. मुलांना गरज असते ती परीक्षेची.

प्रश्नोत्तरांचीहि तालीम ह्याच सभेंत झाली. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धांत मांडीत नाहींत. प्रतिपक्षी काय म्हणेल तें आपणच अगोदर, आणि होईल तितक्या जोरानें, म्हणून पाहावें. पुतण्यानें विचारलें, “दोर ओला झाल्यावर आंखडत नाहीं कशावरून?” ती दोन दिवस निरुत्तर झाली; मग तिनें ओला व कोरडा दोर मोजून पाहिला आणि तें एक वाक्य भाषणांत आलें. ज्या प्रश्नाचें उत्तर येत नाहीं त्याला काय म्हणावें, हेंहि ठरलें. आमच्या शाळेंत उत्तर न आलें तर मुलें कांहीं तरी रचून सांगत, आणि आम्हीहि कधीं कधीं त्या धीटपणाला गुण देत असूं. शास्त्रांत तो गुन्हा आहे. तेथें ‘हें आम्हीं मोजलें नाहीं’ हें पूर्ण उत्तर समजावें.

दुसऱ्या वर्षीं संमेलनांत ती सात मिनिटें बोलली. आरंभीं नमस्कार केला व लगेच विहिरीपाशीं आली. वंदन नाहीं, पंचमहाभूतें नाहींत. आणि सभागृहाच्या शेवटल्या रांगेंत बसून आम्हीं पाहिलें, तों आमच्या अलंकारांवांचून तिचें कांहींहि अडलें नाहीं. उलट ज्या ठिकाणीं ती थोडी अडखळली तेथें, दोराचा दगड हिंवाळ्यांत एकदां गाळांत कसा रुतला, हें तिनें हातवारे करून सांगितलें, आणि सारी सभा पुढें झुकून ऐकूं लागली. भाषण संपल्यावर एका परीक्षकांनीं विचारलें, “त्या तीन विहिरींवर पंप रोज किती वेळ चालतात? बांधाजवळच्या विहिरींतून उपसाच कमी होत असेल, तर पाणी सावकाश उतरण्याचें श्रेय बांधाला कसें द्यावें?”

प्रश्न मर्मावर होता. घरच्या सभेंत तो कोणालाहि सुचला नव्हता, आम्हांला तर नाहींच. आम्हीं श्वास रोखून धरला. ती क्षणभर थांबली व म्हणाली, “तें आम्हीं मोजलें नाहीं. मोजायला हवें होतें.” परीक्षकांनीं मान हलविली आणि कांहीं तरी लिहून घेतलें. बक्षीस दुसऱ्या एका मुलाला मिळालें, व त्याचें काम खरोखरच अधिक पक्कें होतें.

परंतु ह्या वेळीं वही माळ्यावर गेली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं तिनें तींत पंपाच्या तासांसाठीं एक नवी उभी रेघ आंखली, आणि कामें वांटून दिलीं. दोर ओढण्याचें काम तिच्याकडे व मैत्रिणींकडेच आहे. बांधाजवळच्या विहिरीवर पंप केव्हां सुरू झाला व केव्हां बंद झाला, हें तेथील कडुनिंबाखालीं बसून टिपून ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. पहिल्या वर्षीं ज्यानें घड्याळाकडे पाहिलें नाहीं, त्याच्याच हातीं तिनें घड्याळ दिलें. आणि आम्ही तें निमूटपणें पाहत बसतों.